पुस्तकातलं शरीर आणि टेबलावरचं शरीर

फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातले शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस मिशेल्स यांनी दोनशे मृतदेहांच्या पोटातल्या रक्तवाहिन्या एकेक करून सोडवल्या आणि १९५५ मध्ये त्या कामावर जाडजूड ग्रंथ काढला. यकृताची धमनी पाठ्यपुस्तकात एका ठरावीक फाट्यावरून निघून पुढे उजवी-डावी अशी दुभागलेली दाखवतात. मिशेल्सना ती तशी फक्त ५५ टक्के देहांत सापडली. उरलेल्यांत कुणाची उजवी धमनी आतड्याच्या धमनीतून वर चढलेली होती, कुणाची डावी जठराच्या धमनीतून आलेली होती, तर कुणाला नेहमीच्या धमन्यांशिवाय आणखी एक जोडधमनी होती. पुढे १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या शल्यचिकित्सकांनी प्रत्यारोपणासाठी काढलेल्या एक हजार यकृतांचा हिशेब मांडला. त्यात पुस्तकी रचना सुमारे ७६ टक्के निघाली. या दोन आकड्यांतल्या अंतराबद्दल पुढे बोलू. पण यांतला उदार आकडा धरला, तरी दर चार माणसांतल्या एकाच्या यकृताची धमनी पुस्तकाप्रमाणे चालत नाही.

अशा फरकांना शरीररचनाशास्त्रात रचनाभेद म्हणतात. विकृतीत इंद्रियाचं काम बिघडतं. रचनाभेदात बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. माणूस जन्मतो, शेती करतो किंवा कचेरीत जातो, नातवंडं बघतो, आणि आपल्या पोटात एक धमनी वेगळ्या वाटेने गेली आहे हे त्याला कळतही नाही. तो भेद धोक्याचा ठरतो तो दुसऱ्या कुणाची सुई, सुरी किंवा नळी तिथवर पोचते तेव्हा. हा विषय पहिल्या वर्षाच्या पुस्तकात प्रकरणाच्या शेवटी बारीक टाइपात येतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यात आधी गाळला जातो. माझ्या मते हे उलटं आहे. मोठ्या टाइपात छापलेलं शरीर ही शेकडो देहांवरून काढलेली सरासरी असते. टेबलावर झोपलेला रुग्ण पुष्कळदा त्या बारीक टाइपातलाच असतो.

पटत नसेल तर आपलाच हात पाहावा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला टेकवून मनगट थोडं आत वळवा. बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध एक ताठ दोरी वर उठते. ती पामॅरिस लाँगस नावाच्या बारीक स्नायूची कंडरा. काहींच्या एका हातात ती उठते, दुसऱ्या हातात उठत नाही, तर काहींच्या दोन्ही हातांत ती मुळीच नसते. गोऱ्या युरोपीय लोकांवरून काढलेला, पुस्तकांतून फिरणारा आकडा आहे सुमारे १५ टक्के. पूर्व आशिया आणि आफ्रिकेतल्या लोकांत हे प्रमाण बरंच कमी आढळतं. ही कंडरा नसली म्हणून पकड ढिली होत नाही. पण तुटलेल्या कंडरेच्या जागी बसवायला हाताचे सर्जन पहिल्यांदा हिच्याकडेच बघतात, म्हणून ती आहे की नाही हे भूल देण्याआधी पाहावं लागतं. तिच्या शेजारून, थोडी खोलवर, मधली चेता जाते. कंडरा नसलेल्या हातात त्या चेतेलाच कंडरा समजून कापल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी टाळल्याची किंमत एवढी मोठी असू शकते.

हे भेद का होतात? उत्तर गर्भात आहे. गर्भाचं शरीर अंतिम आराखड्याप्रमाणे एका फटक्यात बांधलं जात नाही. आधी तात्पुरती बांधणी होते, मग तिच्यातलं बरंचसं विरून जातं. मूत्रपिंडं सुरुवातीला ओटीपोटात तयार होतात आणि साधारण नवव्या आठवड्यापर्यंत वर कमरेच्या जागी सरकतात. सरकताना प्रत्येक पातळीवर ती महाधमनीतून नवी शाखा घेतात आणि खालची जुनी शाखा मिटते. एखादी जुनी शाखा मिटायची राहिली, की त्या मूत्रपिंडाला दोन किंवा तीन धमन्या मिळतात. शंभरातल्या पंचवीस-तीस माणसांत असं असतं. वर सरकतानाच दोन्ही मूत्रपिंडांची खालची टोकं एकमेकांना चिकटली, तर घोड्याच्या नालेसारखं एकच मूत्रपिंड बनतं आणि ते वाटेतल्या आतड्याच्या धमनीखाली अडकून नेहमीच्या जागेच्या खालीच राहतं. हे साधारण चारशे-पाचशे माणसांत एकाचं.

गळ्यातल्या चेतेची गोष्ट याहून विलक्षण आहे. स्वरयंत्र हलवणारी चेता मेंदूकडून खाली येते ती थेट स्वरयंत्रात शिरत नाही. उजव्या बाजूला ती हाताकडे जाणाऱ्या धमनीला खालून वळसा घालते, डाव्या बाजूला छातीत उतरून महाधमनीला वळसा घालते, आणि मग पुन्हा वर चढते. गर्भात हृदय गळ्याजवळ असतं. ते छातीत उतरताना रक्तवाहिन्यांच्या कमानी खाली येतात आणि त्यांत अडकलेली चेताही सोबत ओढली जाते. आता समजा, उजवीकडची ती कमान गर्भातच विरली. मग उजव्या हाताची धमनी महाधमनीच्या डाव्या टोकाकडून निघते आणि बहुतेक वेळा अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते. वळसा घालायला खाली काहीच उरलं नाही, म्हणून चेता सरळ आडवी स्वरयंत्राकडे जाते. इंग्लंडमधल्या डेव्हिड बेफर्ड यांनी १७६१ मध्ये, वर्षानुवर्षं घास गिळायला त्रास होऊन वारलेल्या एका बाईच्या शवविच्छेदनात ही मागून जाणारी धमनी पाहिली. त्रासाचं कारण तीच, असं त्यांनी पुढे मांडलं. शंभरातल्या साधारण एकाला अशी धमनी असते आणि बहुतेकांना गिळताना काहीही जाणवत नाही.

पण थायरॉइडची गाठ काढणाऱ्या सर्जनला त्या एकाची काळजी वाटायलाच हवी. तो चेता शोधतो ती खालून वर येणारी. ती तिथे सापडत नाही. मधे मात्र एक पांढरी आडवी दोरी दिसते, बारीक रक्तवाहिनीसारखी. ती बांधून कापली, तर रुग्ण शुद्धीवर येतो तो घोगऱ्या आवाजाने. चेता टाळण्यापेक्षा ती प्रत्येक वेळी शोधून डोळ्यांनी पाहावी, असा आग्रह अमेरिकी सर्जन फ्रँक लेही यांनी १९३८ मध्ये धरला, आणि तो आता सर्वमान्य आहे. त्यातला रचनाभेदाबद्दलचा धडा साधा आहे: चेता सापडली नाही, तर ती नसेल असं धरू नये, वेगळ्या वाटेने गेली असेल असं धरावं, आणि ती सापडेपर्यंत आडवं जाणारं काहीही कापू नये.

रचनाभेदाचं खरं रणांगण मात्र पित्ताशय आहे. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतॉन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली अशी ती पहिली शस्त्रक्रिया. आज तालुक्याच्या गावातही पित्ताशयातल्या खड्यांसाठी हीच शस्त्रक्रिया होते आणि रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातो. पित्ताशय यकृताच्या खाली लटकलेलं असतं. त्याच्यापासून निघालेली छोटी नळी यकृताकडून येणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला मिळते. शस्त्रक्रियेत ही छोटी नळी आणि पित्ताशयाची धमनी, या दोनच गोष्टी चिमटे लावून कापायच्या असतात. त्या ज्या त्रिकोणी जागेत असतात तिला फ्रेंच सर्जन कॅलो यांचं नाव आहे. त्यांचा प्रबंध १८९१ चा.

या त्रिकोणात काय काय वेगळं असू शकतं ते पाहिलं, तर सर्जनची भीती कळते. छोटी नळी कधी इतकी आखूड असते की ती आहे असं वाटतही नाही. कधी ती मुख्य नलिकेला चिकटून समांतर खाली उतरते आणि बऱ्याच अंतरावर जाऊन मिळते, तर कधी मुख्य नलिकेच्या मागून वळून डाव्या बाजूने शिरते. काहींच्या यकृताच्या उजव्या मागच्या भागाची नळी स्वतंत्रपणे खाली येते आणि पित्ताशयाची नळी तिलाच मिळते. ती कापली, तर यकृताचा तो भाग पित्त कुठे सोडणार? पित्ताशयाच्या धमन्या कधी दोन असतात, कधी एकच असून ती पुढून आडवी येते. यकृताची उजवी धमनी काहींच्यात वाकडी होऊन पित्ताशयापर्यंत येते, उंटाच्या पाठीसारखा उंचवटा करते आणि तिथूनच पित्ताशयाला अगदी आखूड फांदी देते. तो उंचवटा पित्ताशयाचीच धमनी समजून कापला, तर यकृताच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा जातो.

मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हजारात दोन ते पाच असं सांगतात. ऐकायला थोडं वाटतं, पण ज्या माणसाच्या वाट्याला हे येतं त्याला कावीळ, पोटात पित्त साचणं, वारंवार ताप, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, आणि कधी वर्षानुवर्षांचे यकृताचे विकार भोगावे लागतात. अशा वेळी घरच्यांना सांगितलं जातं, ‘त्यांची रचनाच वेगळी होती.’ इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण हे वाक्य नेहमीच खरं नसतं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स वे यांच्या गटाने पित्तनलिकेच्या २५२ इजांचे अहवाल आणि चित्रफिती तपासून २००३ मध्ये निष्कर्ष मांडला, की त्यांतल्या ९७ टक्के इजांचं मूळ डोळ्यांच्या फसगतीत होतं. सर्जनने मुख्य नलिकेलाच छोटी नळी समजलं, आणि तसं वाटल्यावर पुढचा प्रत्येक पुरावा त्या समजुतीत बसवला. पित्ताशय वर खेचलं की मुख्य नलिकाही त्याच्याबरोबर ताणली जाते आणि छोटी नळी व ती एका रेषेत येतात. अशा वेळी अगदी पुस्तकी रचनेचा माणूसही कापला जातो. रचनाभेद धोका वाढवतो हे खरं, पण प्रत्येक इजेचं खापर त्याच्यावर फोडलं, तर शिकण्यासारखं काही उरत नाही.

यावरचा उपाय १९९५ पासून अमेरिकी सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांच्या नावाने चालतो, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणा विचार वाटतो. त्रिकोणातली चरबी आणि पापुद्रे पूर्ण साफ करायचे. पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सोडवायचा. मग पित्ताशयात शिरणाऱ्या दोन, आणि दोनच, गोष्टी दिसल्या पाहिजेत. हे दिसेपर्यंत काहीही कापायचं नाही. या पद्धतीत कोणता भेद कुठे असेल हे पाठ असावं लागत नाही. पाहण्याची एक अट पूर्ण होते की नाही, एवढंच तपासायचं असतं. ती पूर्ण होत नसेल, सूज फार असेल, सगळं एकमेकांना चिकटलं असेल, तर पोट उघडावं, पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून बाहेर यावं किंवा जास्त अनुभवी माणसाला बोलवावं. पित्ताशयाचा तुकडा मागे राहिला म्हणून रुग्णाचं आयुष्य उद्ध्वस्त होत नाही.

प्रत्यारोपणात मात्र नुसतं दिसेपर्यंत थांबणं पुरत नाही, आधीच माहीत असावं लागतं. भारतात मूत्रपिंड देणारा माणूस बहुतेक वेळा जिवंत असतो: आई, बायको, भाऊ. धडधाकट माणसावर शस्त्रक्रिया करायची, म्हणून त्याच्या रक्तवाहिन्यांचं सी.टी. चित्रण आधी होतं आणि कोणतं मूत्रपिंड घ्यायचं हे त्यावर ठरतं. डाव्याची शीर लांब असते म्हणून साधारणपणे डावं घेतात, पण डाव्याला तीन धमन्या आणि उजव्याला एकच असेल, तर हा हिशेब बदलतो. मूत्रपिंडाच्या धमन्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. एक बांधली, की तिच्या वाट्याचा तुकडा मरतो. सगळ्यात नाजूक असते ती खालच्या टोकाला जाणारी बारीक धमनी, कारण मूत्रवाहिनीच्या वरच्या भागाचं रक्तही पुष्कळदा तिच्यातूनच येतं. बारीक म्हणून ती सोडून दिली, तर बसवलेलं मूत्रपिंड चांगलं चालतं, पण मूत्रवाहिनी कुजून लघवी गळू लागते. जिवंत दात्याच्या यकृतप्रत्यारोपणात हीच कसोटी पित्तनलिकांची असते.

आता शस्त्रक्रियागृहातून बाहेर येऊ, कारण हा विषय फक्त मोठ्या सर्जनांचा आहे असा समज होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका रुग्णाच्या दंडाला पट्टा आवळते, कोपराच्या खळग्यावर बोट फिरवते आणि ठसठशीत दिसणाऱ्या शिरेत सुई घालते. नेहमीच्या रचनेत तिथली धमनी खोल असते. काही लोकांत मात्र मनगटाकडे जाणारी धमनी दंडातच फुटते आणि कातडीच्या अगदी खालून, शिरांच्या सोबत जाते. आवळलेल्या पट्ट्याने तिचे ठोके दबले, की ती शिरेसारखीच दिसते. काही औषधं शिरेत निर्धोक असतात, पण धमनीत गेली तर हाताच्या टोकापर्यंतच्या बारीक वाहिन्या बंद करतात. बोटं पांढरी पडतात, भयंकर आग होते, आणि कधी बोटं किंवा हात कापायची वेळ येते. बचाव साधा आहे. पट्टा आवळण्याआधी बोटाने ठोका चाचपावा. सुईत आलेलं रक्त लालभडक असेल, आपोआप उसळून येत असेल, किंवा रुग्ण आग होते म्हणून ओरडत असेल, तर औषध तिथेच थांबवावं. हे सांगायला यंत्र लागत नाही, आणि मोठ्या रुग्णालयातल्या कुठल्याही चर्चेपेक्षा ते जास्त हात वाचवेल.

मनगटातून हृदयाची अँजिओग्राफी करणाऱ्यांची गाठ याच धमनीशी वेगळ्या कारणाने पडते. १५४० रुग्णांच्या एका ब्रिटिश पाहणीत सुमारे १४ टक्क्यांच्या मनगट-धमनीत काही ना काही वेगळेपण निघालं. त्यांतल्या निम्म्यांत ती दंडात वरच फुटलेली होती. काहींत तिचा पूर्ण वेढा झालेला होता, आणि अशा वेढ्यात नळी पुढे ढकलत राहिलं तर धमनी फाटते. म्हणून अनुभवी हृदयरोगतज्ज्ञ नळी अडली, की जोर लावण्याऐवजी आधी थोडा डाय सोडून वाट पाहतात.

हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांचा भेद मात्र कुणी नळी घातली नाही तरी जीव घेऊ शकतो. रचनाभेद निरुपद्रवी असतात या वरच्या विधानाला हा मोठा अपवाद. अमेरिकेचा नामवंत बास्केटबॉलपटू पीट मॅरविच १९८८ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, मित्रांबरोबर खेळताना कोसळला. शवविच्छेदनात त्याला डावी हृदयधमनीच नसल्याचं दिसलं. दहा वर्षं व्यावसायिक स्तरावर खेळलेला हा माणूस. डावी धमनी उजव्या बाजूने निघून महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून गेली असेल, तर तेही तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूचं एक ओळखीचं कारण आहे. धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली असं शाळकरी मुलगा सांगत असेल, तर ‘उपाशीपोटी धावला असेल’ म्हणून सोडून देऊ नये, हे क्रीडाशिक्षकांनाही माहीत हवं.

बाकीची यादी लांब आहे. छातीच्या मधल्या हाडाला जवळपास पाच टक्के लोकांत जन्मजात भोक असतं, आणि त्यातून गेलेली अॅक्युपंक्चरची सुई हृदयापर्यंत पोचून मृत्यू झाल्याची घटना नॉर्वेतून १९९५ मध्ये नोंदली गेली. वरच्या पहिल्या दाढेत तीन मुळं आणि तीन नळ्या असं शिकवतात, पण निम्म्याहून जास्त दाढांत एक चौथी बारीक नळी असते. ती राहून गेली, की रूट कॅनल करूनही दाढ दुखत राहते. अपेंडिक्स आतड्याच्या मागे लपलेलं असणं तर इतकं सर्रास आहे, की लंडनच्या वेकली यांच्या दहा हजार देहांच्या १९३३ च्या पाहणीत ते ६५ टक्के निघालं. अशा अपेंडिक्सची सूज पोटाच्या पुढच्या भागावर दाबून नीट कळत नाही. सायनसच्या शस्त्रक्रियेआधी सी.टी. पाहतात तो डोळ्याची चेता नको तिथे उघडी तर पडलेली नाही ना, यासाठी.

मणक्यांचं मात्र घाईने सोडता येत नाही. कमरेचा शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला जोडलेला असणं, किंवा त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा असणं, हे सरासरी दहा-बारा टक्के लोकांत आढळतं. मग कमरेचे मणके पाच की चार की सहा? कमरेच्या एम.आर.आय.मध्ये फक्त खालचा भाग येतो. एक जण खालून मोजतो, दुसरा बरगडीवरून, आणि अहवालातली ‘चौथी-पाचवी चकती’ सर्जनच्या हिशेबात तिसरी-चौथी ठरते. भलत्याच पातळीवर शस्त्रक्रिया होण्याचं हे एक जुनं कारण आहे. एक्स-रे पाहून मोजणी कुठून केली, हे अहवालात एका वाक्यात लिहिलं, तर ही चूक टळते. कित्येक अहवालांत ते वाक्य नसतं.

आता सुरुवातीच्या दोन आकड्यांकडे. मिशेल्सनी एकेक बारीक जोडधमनी मृतदेहात शोधून काढली, तर लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणाच्या वेळी मोजलं. कोण मोजतं, काय मोजतं आणि कशाला भेद म्हणतं, यावर टक्केवारी हलते. शिवाय कुणाचे देह मोजले हेही आहेच. आपल्या पाठ्यपुस्तकांतले बहुतेक आकडे युरोप-अमेरिकेतले आहेत. भारतातल्या महाविद्यालयांत यावर काम होतं, पण ते बहुधा पन्नास-साठ देहांवरचे छोटे अभ्यास किंवा एकेका देहाचे वृत्तांत. मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा करून बेवारस मृतदेह शिकवण्यासाठी देण्याची सोय केली. आता देहदानाने येणारे देह वाढले आहेत, त्यामुळे वय, गाव, आधीचे आजार हे सगळं ठाऊक असलेल्या देहांचा अभ्यास शक्य आहे. डिसेक्शन हॉलमध्ये विद्यार्थ्यांना एखादी धमनी वेगळी दिसते, शिक्षक येतात, बाकीची टेबलं गोळा होतात, मोबाइलवर फोटो काढला जातो आणि पुष्कळदा तिथेच संपतं. राज्यातल्या सगळ्या महाविद्यालयांनी एकाच नमुन्यात ही नोंद ठेवली, तर पाच-सात वर्षांत आपल्या लोकांचे आपले आकडे उभे राहतील. यासाठी वेगळा निधी लागत नाही, एक तक्ता लागतो.

आकडे काळानुसारही बदलतात असं काहींचं म्हणणं आहे. गर्भात हाताला रक्त पुरवणारी मधली धमनी जन्माआधी मिटते, पण काहींत ती राहते. १८८० च्या दशकात जन्मलेल्यांत ती सुमारे दहा टक्के होती आणि विसाव्या शतकाच्या शेवटाकडे तीस टक्क्यांवर गेली, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलं. गुडघ्यामागचं फॅबेला नावाचं छोटं हाड असण्याचं प्रमाण शतकभरात साडेतीन पट झाल्याचं लंडनच्या एका गटाने २०१९ मध्ये सांगितलं. वर्तमानपत्रांनी लगेच ‘माणूस उत्क्रांत होतोय’ असे मथळे दिले. मला घाई वाटते. जुन्या आणि नव्या मोजणीच्या पद्धती सारख्या नाहीत, आणि वाढ खरी असली तरी आहार, उंची, गर्भारपणातली तब्येत अशी कारणं आधी तपासावी लागतील. मनगटाच्या चेतेवरचा दाब सोडवणाऱ्या सर्जनला मात्र या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. त्याने ती मधली धमनी तिथे असेल असं धरूनच आत जावं.

सोनोग्राफी, सी.टी. आणि एम.आर.आय. यांनी चित्र पालटलं आहे. पूर्वी मेल्यावर कळणारं आता जिवंतपणी, भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत दिसतं. पण दिसलेलं पुढे पोचतं का? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात विद्यार्थ्यांनी ९९ व्या वर्षी वारलेल्या एका बाईचा दान केलेला देह उघडला. तिचं हृदय नेहमीप्रमाणे डावीकडे होतं, पण यकृत, जठर आणि पोटातले बाकीचे अवयव आरशातल्यासारखे उलट्या बाजूला होते. हा भेद अतिशय दुर्मीळ, आणि त्यासोबत हृदयाचे गंभीर दोष असल्याने बहुतेक मुलं लहानपणीच दगावतात. तिचे तीन अवयव हयातीत शस्त्रक्रियेने काढलेले होते. अवयव भलत्या जागी असल्याची नोंद त्यांतल्या एकाच सर्जनने, अपेंडिक्स काढणाऱ्याने, करून ठेवली होती. घरच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे परिस्थिती याहून बरी असण्याचं काही कारण नाही. इथे रुग्णाचा इतिहास पुष्कळदा कुठल्या संगणकात नसतो. तो असतो प्लास्टिकच्या पिशवीत, जुन्या एक्स-रेच्या आणि औषधांच्या चिठ्ठ्यांच्या मधे. सोनोग्राफीच्या अहवालात खालच्या ओळीत ‘डावं मूत्रपिंड दिसत नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि खडे नाहीत म्हणून रुग्ण आनंदाने घरी जातो. आपल्याला एकच मूत्रपिंड आहे हे त्याला कुणी बसवून सांगत नाही. पुढे वर्षानुवर्षं तो गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खातो. उलट्या अवयवांच्या माणसाचं पोट डाव्या बाजूला दुखतं, आणि डॉक्टर अपेंडिक्सचा विचारच करत नाहीत. दुहेरी गर्भाशयाच्या बाईला एका बाजूला तांबी बसवली जाते, दुसऱ्या बाजूला गर्भ राहतो, आणि दोष तांबीला दिला जातो.

म्हणून रचनाभेद सापडला, की तो तीन ठिकाणी जावा असं मी आग्रहाने म्हणेन. शस्त्रक्रियेच्या टिपणात त्याचं वर्णन असावं, शक्य तर साध्या आकृतीसह: धमनी कुठून निघाली, कशाच्या पुढून गेली, कुठे शिरली, आणि आपण काय बांधलं. डिस्चार्ज कार्डावर तो निदानाच्या रकान्यातच यावा, खालच्या शेऱ्यात नको, कारण पुढचा डॉक्टर घाईत असला तर वरच्या चार ओळीच वाचतो. आणि तिसरं, रुग्णाला त्याच्या भाषेत लिहून द्यावं. ‘तुमच्या उजव्या मूत्रपिंडाला दोन धमन्या आहेत. हा आजार नाही. पोटाची किंवा कमरेची शस्त्रक्रिया ठरली तर हा कागद आधी दाखवा.’ एवढ्या तीन ओळी. रक्तगट आणि औषधाची अॅलर्जी जिथे लिहितात त्याच जागेत त्या मावतात, आणि त्यांच्याखाली डॉक्टरांची सही, तारीख आणि कोणत्या तपासणीत हे दिसलं त्याचं नाव असावं.